तीन ठिकाणी नॉन-रिॲक्टिव्ह

माझी लेक जन्माला यायच्या सात महिने आधी मी तिचं सुतक धरलं.

सुषमाला, म्हणजे माझ्या बायकोला, दुसरा महिना होता. मागच्या खेपेला तिसऱ्यातच घात झाला होता, त्यामुळे घरात कोणी मोठ्यानं शिंकायलाही भीत असे. वर्ध्याला तिचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. (तिला एसटीचा वास सहन होत नव्हता.)

पुलगावला परतताना एसटीतच पाकीट उघडलं. डावीकडची इंग्रजी अक्षरं डोक्यावरून गेली, पण उजवीकडचं कळलं. नॉन-रिॲक्टिव्ह. खाली पुन्हा नॉन-रिॲक्टिव्ह. त्याच्याखाली पुन्हा तेच! मी बी.कॉम. झालेला माणूस. नॉन म्हणजे नाही, रिॲक्टिव्ह म्हणजे प्रतिसाद. बाळ प्रतिसाद देत नाही! कंडक्टरनं सुटे मागितले आणि मला रडूच फुटलं.

"राहू द्या भाऊ, राहू द्या सुटे," तो घाबरून म्हणाला.

घरी सुषमा आत झोपली होती. मी ओसरीत आईला हळूच सांगितलं, "आई, रिपोर्टात तिन्ही ठिकाणी नॉन आलं."

"नॉन?" आई ताडकन उठली. (आमच्याकडे अंडंही चालत नाही.) "सुनेनं कुठी खाल्लं रे?"

"ते नॉन नाई वं! बाळ गेलं आपलं."

आई मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. मीही रडलो. खरं सांगतो, वडील गेले तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो. शेजारच्या शांताकाकूंनी कुंपणावरून पाहिलं आणि काही न विचारता पिठलं-भाकर घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत ना!

आवाजानं सुषमा बाहेर आली. टोपलीभर भाकरी पाहून तिचा चेहराच उतरला.

"कोण गेलं?"

आईनं तिला नुसतंच जवळ ओढलं.

"माहे बाबा गेले का? सांगत काऊन नाई?" तिनं हंबरडा फोडला आणि माहेरी, जामला, फोन लावला. सासरे ठणठणीत होते. "मी मेलो हे कोनं सांगतलं?" म्हणून ते तिकडून ओरडू लागले.

मी रिपोर्ट पुढे केला. "सुषमा, मन घट्ट कर. आपलं बाळ..."

तिनं वाचला. पांढरा पडलेला चेहरा हळूहळू लाल झाला.

"अहो, ह्या एचआयव्ही, पांढरी कावीळ अन् गुप्तरोगाच्या तपासण्या हायेत! नॉन-रिॲक्टिव्ह म्हंजे काही निघालं नाई. रक्त घेतांनी सिस्टर समजावून सांगत होती तवा तुमी कुठी होते?"

"पानटपरीवर खर्रा घ्याले गेलतो."

ती पोटावर हात ठेवून भिंतीशी बसली आणि खूप वेळ रडली. मग शांताकाकूंची भाकर तिनंच संपवली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी सगळं ठीक?"

"माह्यं सगळं नॉन-रिॲक्टिव्ह हाय, मॅडम," सुषमा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "रिॲक्टिव्ह निघाले ते हेच!"

बाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. "सिस्टर, यांचं रक्त आत्ताच घ्या!"

सुई टोचताच मी असा काही ओरडलो, की बायकोनं केलेलं माझं निदान तिथल्या तिथं पक्कं झालं.