मधल्या सुट्टीतलं इंजेक्शन

मुलगी पाचवीत असताना तिला शुगर आहे हे कळलं आणि तेव्हापासून माझं चित्त एका जागी राहिलं नाही.

त्याआधी काही आठवडे ती सारखी पाणी पीत होती. उन्हाळा आहे म्हणून आम्ही सोडून दिलं. मग तिचे कपडे सैल व्हायला लागले आणि एका सकाळी उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हे मोठ्या माणसांच्या शुगरसारखं नाही. हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते प्रत्येक जेवणाआधी बाहेरून द्यावं लागणार, आणि कायमचं. सुई टोचायला तिथल्या सिस्टरनी शिकवलं. घरी आल्यावर मी आधी माझ्याच पोटावर रिकामी सुई टोचून बघितली. फार दुखलं नाही. मग तिला इंजेक्शन दिलं.

सकाळ-संध्याकाळचं घरी निभत होतं. प्रश्न होता शाळेतल्या जेवणाचा. मी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, भेटले. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं दुःख मला कळतंय. पण सुई टोचायची जबाबदारी आम्ही कशी घ्यायची? थोडं कमी-जास्त झालं तर उद्या कोण उत्तर देणार? तुम्हीच येत जा रोज."

मग मीच जायला लागले. वडगावातल्या बऱ्याच घरांसारखे आमच्या घरातही खालच्या खोलीत माग आहेत. ते नवरा चालवतो, कांड्यांवर सूत भरणं आणि तुटलेला धागा जोडणं माझ्याकडं. साडी अर्धवट असो नाहीतर वीज नुकतीच आलेली असो, दुपार झाली की मी स्कूटर काढायची. मागांच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही म्हणून तो कमरेला खोचलेला असायचा. तो थरथरला नसला तरी थरथरल्यासारखा वाटायचा. हातातली कांडी टाकून बघायची, तर काहीच नसायचं.

शिक्षकांच्या खोलीत कपाटाआड उभं करून मी तिचं बोट टोचून शुगर बघायची, इंजेक्शन द्यायची आणि ती डबा संपवेपर्यंत व्हरांड्यात बसायची, कारण इंजेक्शन घेऊन पोटभर खाल्लं नाही तर शुगर एकदम खाली जाते. पहिलं वर्ष असं गेलं. सहावीत मात्र ती खाली मान घालून यायला लागली. एकदा म्हणाली, "तू आलीस की सगळ्या माझ्याकडंच बघतेत. एकीच्या आईनं तिला सांगितलंय, हिच्याजवळ बसू नको, लागंल तुला."

"मी बाईंना सांगते."

"नको. तू सुई दे आणि जा. मी खातो माझं." आमच्या भागात पोरीही ‘खातो’, ‘जातो’च म्हणतात.

तिचं म्हणणं मला पटलं असं नाही, पण तिचा चेहरा बघवेना. मी इंजेक्शन देऊन निघायला लागले. स्कूटर वळवताना मागं बघायची, तेव्हा ती डबा हातात धरून मी जायची वाट बघत उभी असायची.

त्या वर्षी तिच्या वर्गाला नव्या बाई आल्या होत्या. निपाणीकडच्या, बोरगावच्या, वयानं लहान. मी त्यांना एवढंच सांगून ठेवलं होतं की हिला घाम सुटला, हातपाय कापायला लागले, काहीबाही बोलायला लागली तर आधी साखरेचं पाणी द्या आणि मग मला फोन करा. त्यांनी मान डोलावली होती आणि म्हटलं होतं, "एक सांगू? मला रक्त बघितलं की चक्कर येते." त्या दिवशी मी घरी परतले ती आणखीच काळजी घेऊन.

आणि एका दुपारी फोन खरंच थरथरला. मी शाळेतून येऊन नुकती कामाला बसले होते. बाई म्हणाल्या, "ती मैदानावर बसलीय, अंग ओलं झालंय तिचं. साखर दिलीय. तुम्ही या." नवऱ्यानं माझं तोंड बघूनच माग बंद केले. "तू जा," तो म्हणाला.

रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. मी स्कूटर पार पुढं घातली. गाडीचा पत्ता नव्हता. शेजारचा माणूस शांतपणे शेंगा खात होता, मला त्याचाच राग आला. बाईंना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. स्कूटर तिथंच टाकून रूळ ओलांडून पळत सुटावं असं वाटत होतं, तेवढ्यात मालगाडी आली. ती संपता संपेना.

पोचले तेव्हा मुलगी व्हरांड्यात बसून बिस्किट खात होती, चेहरा पांढराफटक, पण शुद्धीत. तिचा एक हात बाईंच्या हातात होता. तिच्या दप्तरातल्या शुगर बघायच्या मशीनवर शुगर वर आलेली दिसत होती. बोट कुणी टोचलं, मी विचारलं.

"मीच," बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर मुलीपेक्षा जास्त घाम होता. "ती सांगत गेली, मी करत गेले. तुमचा फोन वाजत होता, पण हात मोकळा न्हवता." एवढं बोलून त्या भिंतीला टेकल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

झालं होतं ते असं: इंजेक्शन झाल्यावर मुलगी वर्गात गेली, तोवर बाकीच्यांचे डबे संपले होते आणि त्या खो-खो खेळायला निघाल्या होत्या. एकटीनं बसून खायचं तिला नको वाटलं. दोन घास खाऊन तीही पळाली.

मी म्हटलं, उद्यापासून मी ती जेवेपर्यंत बसणार. मुलगी रडायला लागली. बाई म्हणाल्या, "तसं नको. तुम्ही मला सगळं शिकवा. तिलाही तिची सुई तिलाच घेऊ दे, मी समोर बसेन. मोठ्या बाईंशी मी बोलते."

बोलणं सोपं गेलं नसावं, कारण मोठ्या बाईंनी मला दोनदा बोलावून डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. पण शेवटी त्या हो म्हणाल्या. बाईंनी वर्गात सगळ्या मुलींना हा आजार काय असतो ते सांगितलं, तो कुणाला लागत नाही हेही सांगितलं. मधल्या सुट्टीत आधी हिची सुई होणार, मग सगळ्यांनी मिळून डबे उघडायचे, असं ठरलं. पहिल्या दिवशी म्हणे साऱ्या पोरी गळ्यात गळा घालून बघत होत्या आणि बाईंनी तेवढे डोळे मिटून घेतले होते.

आता मला जायची गरज नव्हती. तरी दुपार झाली की पाय ठरेनात. तीन-चार दिवस मी शाळेसमोरच्या वह्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिले, काहीतरी उगीच विकत घेत. एकदा बाईंनी बघितलं. रस्ता ओलांडून आल्या. "आक्का, घरी जावा," त्या म्हणाल्या. "तुम्ही दिसला की ती जेवत न्हाय." त्यानंतर मी गेले नाही. मागाशी बसून राहिले, धागे चुकीचे जोडले, ते नवऱ्यानं सोडवले.

यंदा ती नववीत. शाळेची सहल गोव्याला गेली, मुक्कामाची. मी सोबत येऊ का, असं विचारायचं ओठावर आलेलं गिळलं. दोन दिवस मी घरभर फिरत होते. स्वच्छ कपाटं पुन्हा पुसली, नवऱ्यावर विनाकारण चिडले. ती परतली ती उन्हानं सोललेलं नाक आणि बसलेला आवाज घेऊन. शुगर किती होती, काय खाल्लं, मी एकामागून एक विचारत होते. ती बॅगेतून वाळू झटकत, बसमध्ये कुणाला उलटी झाली आणि खिडकीच्या जागेवरून कशी भांडणं झाली, तेच सांगत राहिली.

"अगं, पण शुगर?"

"बरी होती की," ती म्हणाली. "जेवायला काय केलंयस?"