अष्टपाद माझा, पँट सबनीसांची

मी आयुष्यात एकच कादंबरी वाचली, आणि तीसुद्धा एका माणसाला हरवण्यासाठी.

तो माणूस म्हणजे सबनीस साहेब. पुण्याहून बदलून आलेले बँकेतले अधिकारी. बायकामुलं पुण्यालाच, त्यामुळे संध्याकाळी करायला काही नाही. मी रत्नागिरीतला पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटींची नावं रंगवतो. माझी बायको सुमन आमच्या आळीतल्या वाचनालयात चार ते सात बसून पुस्तकांची देवघेव करायची. ही त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातली गोष्ट. तोपर्यंत आमचा संसार सुरळीत होता, कारण आळीतल्या बाकीच्या सभासदांना पुस्तक उशिरा परत करण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं.

सबनीस साहेबांना मात्र सगळं येत होतं. जेवताना सुमन सांगायची की सबनीस साहेब म्हणाले, देवमासा हा मासाच नव्हे. सबनीस साहेब म्हणाले, समुद्राच्या तळाशी डोंगर असतात. एका जेवणात मी हे नाव सात वेळा ऐकलं. (मोजलं नसतं, पण त्या दिवशी आमटी फारच पातळ होती आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.) एकदा ब्रश धुवायला रॉकेल आणायचं निमित्त काढून मी वाचनालयावरून गेलो. टेबलाच्या अलीकडे सुमन, पलीकडे साहेब, मध्ये एक भलामोठा कागद आणि त्यावर दोघांची डोकी वाकलेली. साहेब म्हणत होते, "वा, सुमनताई, हे झकास सुचलं." आता ताई म्हटल्यावर नवऱ्याचं पोट थंड व्हायला हवं. माझं आणखी दुखायला लागलं.

तो कागद गुंडाळी होऊन घरी आला आणि कपाटामागे उभा राहिला. हे काय म्हणून मी सहज विचारलं. तिनं सांगितलं की सुट्टी संपायच्या आधी वाचनालयात मुलांचा मेळावा आहे, त्यासाठी एक खेळ तयार होतोय. पटावरचा, फासे टाकून खेळायचा. समुद्राखालून फिरणाऱ्या बोटीची ती जुनी परदेशी कादंबरी आहे ना, शंभरेक वर्षांपूर्वीची, मराठीत आणलेली, तिच्यावरून.

मी म्हटलं, "मला दाखव की."

"झाला की दाखवते. आत्ता नाही कळायचं तुम्हाला, तुम्ही ती वाचलेली नाही."

ती हे अगदी साधेपणानं बोलली आणि कुकर लावायला गेली. मी मात्र तिथेच ठरवलं की पुण्याच्या माणसानं रत्नागिरीच्या पेंटरला समुद्र शिकवायचा नाही. खेळ मीही करणार, त्याच कादंबरीवरून, आणि असा करणार की तो कागद पुन्हा कपाटामागे जाईल.

कादंबरी वाचनालयातून मागणं शक्य नव्हतं. लांज्याला एका काजूवाल्याची पाटी रंगवायला गेलो होतो, तिथल्या ओळखीच्या मास्तरांकडून घेतली. वाचायला मुहूर्त लागला तो बंदरावर, दुरुस्तीसाठी वर ओढलेल्या एका बोटीच्या सावलीत. त्या बोटीवर मी 'जलराणी' लिहीत होतो. तीन अक्षरं झाली आणि म्हटलं, जरा दोन पानं बघू. कादंबरीत ते लोक पाण्याखालच्या बोटीत कैद झाले होते, आणि त्यांना सोडून 'णी'कडे वळणं माझ्यानं होईना. (पाण्याखालच्या बोटीवर नाव रंगवायची गरजच काय, वाचणार कोण, असा एक धंद्यातला प्रश्नही पडला.) तीन दिवस मी मिळेल त्या सावलीत वाचत राहिलो. चौथ्या दिवशी बोटीचा मालक, त्याला सगळे नाखवा म्हणत, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बोट दुरुस्त होऊन पाण्यात जाऊनही आली होती.

"पेंटर," तो शांतपणे म्हणाला, "माझी बोट 'जलरा' म्हणून समुद्रात गेली. बंदरावर मला विचारतात, हा जलरा कोण तुझा?"

मी त्याला दुसऱ्या दिवशी 'णी' काढून दिला आणि उरलेला सगळा वेळ खेळाला लावला. तीन फूट बाय तीन फुटांची प्लायवुडची फळी घेतली. तिच्यावर निळ्या ऑइलपेंटचा समुद्र, शंभर घरं, सुरमई, बांगडे, पापलेट, आणि मधोमध कादंबरीतला तो राक्षसी अष्टपाद. खरा अष्टपाद मी पाहिलेला नव्हता. बाजारातून त्याच्याच जातकुळीतला छोटा माकूल आणून समोर ठेवला आणि वाढवून रंगवला. आठ हात शंभर घरांवर असे पसरले की माझा मलाच अभिमान वाटला. पाटीच्या धंद्यात एवढी नजाकत दाखवायला मिळत नाही.

चित्र झाल्यावर लक्षात आलं की खेळाला नियमही लागतात.

नियम मी सापशिडीवरून घेतले. सापाच्या जागी अष्टपादाचा हात, ज्या घरात हाताचं टोक तिथून थेट पोटाशी. पण हात इतके लांब झाले होते की जवळजवळ प्रत्येक घरात एखादं टोक किंवा वळसा होताच. वाद नको म्हणून मी वळसाही धरला. आईला बसवून खेळून पाहिलं. दीड तासानं आम्ही दोघंही अष्टपादाच्या पोटाशीच होतो. आईनं विचारलं, "हा खेळ संपतो कधी? मला भात टाकायचाय." मी म्हटलं, समुद्र अथांग असतो, आई. ती उठून गेली.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी समुद्र आणि अष्टपाद जरा फिके वाटले, म्हणून मी दोन्हींवर आणखी एक जाड हात मारला. मे अखेरची ती दमट हवा, आणि वीस वर्षांचा अनुभव असलेल्या पेंटरनं हे करावं! पण त्या दिवशी मी पेंटर नव्हतोच. सबनीस साहेबांचा शर्ट किती पांढरा असतो आणि माझ्या नखांत किती रंग असतो, एवढंच डोक्यात होतं.

वाचनालयाच्या पडवीत तीसेक मुलं बसली होती. सुमन आपली गुंडाळी सोडणार तेवढ्यात मी चादर झाकलेली फळी घेऊन आत शिरलो आणि मधोमध ठेवून जराशी चिकटलेली चादर ओढली. मुलं "आ" करून बघत राहिली. सुमनच्या हातातली गुंडाळी तशीच राहिली. सबनीस साहेब म्हणाले, "काय सुंदर रंगवलंय हो." जिंकलो, असं मला वाटलं. ते सुमारे चार मिनिटं टिकलं.

मुलांनी सोंगट्या म्हणून चिंचोके मांडले आणि फासे टाकले. एका मुलीनं सांगितलं की तिचा चिंचोका बेचाळिसावरून उठत नाही. मी म्हटलं, अष्टपादानं धरलाय, तसा नियमच आहे. मग दुसऱ्याचा उठेना. मग फासाच चिकटला, सहावर. पुढच्या प्रत्येकाला सहाच पडत होते, म्हणून मुलं खूश होती, पण सोंगटी कुणाचीच हलत नव्हती. शेवटी दोघा मोठ्या मुलांनी चिंचोके उपटून काढायला फळी उचलून खुर्चीवर आडवी टाकली. सबनीस साहेब मुलांचा फोटो घेत मागे मागे सरकत होते. सगळी मुलं चौकटीत मावली तेव्हा ते समाधानानं खाली बसले.

पँट पांढरी होती.

ते उठले तेव्हा फळी वीतभर त्यांच्याबरोबर उठली आणि मग खाली पडली. पाठमोऱ्या साहेबांवर माझा अष्टपाद आला होता, उलटा पण स्पष्ट, आठही हातांसह. मुलांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मान वळवून पाहिलं, आणि दुसरा कुणी जे बोलला असता ते न बोलता म्हणाले, "म्हणजे शेवटी मलाच धरलं त्यानं."

माणूस रागावला असता तर मला केवढं बरं वाटलं असतं.

मी टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन त्यांच्यामागे वाकलो. इकडे सुमननं कागद उलगडला होता. आखीव घरं, तिच्या अक्षरात छोटे छोटे प्रश्न, आणि जागोजागी रिकाम्या चौकटी. मुलं ओणवी झाली होती. साहेबांची पँट पुसता पुसता मी हळूच म्हटलं, "खेळ चांगला केलात तुम्ही."

"मी?" ते म्हणाले. "अहो पेंटर, महिनाभर ताईच करतायत सगळं. मी फक्त मोठी पट्टी आणून दिली, आणि दोन माशांची नावं सांगितली. त्यातलं एक त्यांनी चुकीचं ठरवलं." मग म्हणाले, "त्या रिकाम्या चौकटी तुमच्यासाठी ठेवल्यात ना? मुलांनी एकदा खेळून पाहिला की चित्रं घरचाच माणूस काढणार म्हणाल्या. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

मी फडकं जोरानं घासलं. हात गेले, पण डोळे राहिले.

घरी जाताना गुंडाळी सुमनच्या हातात होती आणि फळी माझ्या. आमच्या दारापाशी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मला विचारलं असतंत तर?" मी फळी मागच्या पडवीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिचा कागद मागून घेतला. आठ दिवस चौकटी भरत बसलो, पाण्याच्या रंगांनी. अष्टपाद लहान काढला.

खेळ तिचा खरोखर चांगला होता. प्रत्येकाला सुरुवातीला दहा श्वास, म्हणजे दहा चिंचोके. प्रत्येक चालीला एक श्वास खर्च, प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं तर एक परत. श्वास संपले की माणूस बुडाला. पण शेजारच्याकडे श्वास मागता येतो, आणि मागितला तर त्यानं दिलाच पाहिजे. नियमांच्या खाली तिनं ठळक लिहिलं होतं, 'मागण्यात कमीपणा नाही.'

रंग भरून झाल्यावर पहिला डाव आमच्याच घरी झाला. सुमन, आई, मी, आणि सुमननं मुद्दाम बोलावलेले सबनीस साहेब. बसवलं त्यांना माझ्या शेजारी. एकसष्टाव्या घरात माझा शेवटचा श्वास संपला. साहेबांपुढे सात चिंचोके होते. "साहेब, एक द्या," एवढं म्हणायचं होतं. आई माझ्याकडे बघत होती. साहेबांनी तर एक चिंचोका बोटानं पुढे सरकवूनही ठेवला होता.

सुमन म्हणाली, "अहो, मागा ना."

मी म्हटलं, "मला दम धरता येतो."

आणि बुडालो. बाकीचे तिघं सुखरूप किनाऱ्याला लागले.