भुवईमागची गाठ आणि आमची पट्टी

दादाच्या उजव्या भुवईमागे हाडाची गाठ आहे, हे कळलं ते सर्दीसाठी काढलेल्या स्कॅनमध्ये. "साधी गाठ आहे, कॅन्सर नाही," नाक-कान-घशाचे डॉक्टर म्हणाले. "हात लावायची गरज नाही. पण दरवर्षी स्कॅन काढून मला दाखवा. वाढून डोळ्याकडे सरकली तर मात्र काढावी लागेल."

दादा दारं-खिडक्या करणारा सुतार आणि मी त्याचा धाकटा भाऊ, पॉलिशवाला. फळी सरळ आहे का, हे तो डावा डोळा मिटून उजव्याने बघायचा. केसभर बाक असला तरी पकडायचा. त्या डोळ्यावर आमची दोन घरं चालायची. दुसऱ्याच्या मापावर त्याचा काडीचा विश्वास नाही; गिऱ्हाइकाने माप दिलं तरी हा स्वतः जाऊन परत घेणार.

पुढच्या वर्षी स्कॅन काढला, तेव्हा डॉक्टर रजेवर होते आणि एका शाळेची चाळीस दारं आमच्या डोक्यावर बसली होती. मी कारखान्याच्या खिडकीशी दोन्ही फिल्म धरल्या. दादाने स्टीलची पट्टी लावली. पहिलीवर गाठ अकरा मिलिमीटर, दुसरीवर नऊ.

"घटली की रे!"

"मग कशाला खेटे घालायचे? आता पुढच्या वर्षीच दाखवू," मी म्हणालो. मला दारांची घाई होती, खरं सांगतो.

पुढचं वर्षही तसंच गेलं. मग दादाला एका फळीच्या दोन दिसायला लागल्या आणि उजवा डोळा पुढे आला.

डॉक्टरांनी जुन्या फिल्म मागवल्या. दुसरी फिल्म लहान आकारात छापली होती. फिल्मच्या कडेला बारीक मोजपट्टी छापलेली होती, तिच्याशी ताडून मोजायचं असतं म्हणे. तसं मोजलं तर गाठ तेव्हाच दीडपट झालेली. "तेव्हा यायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण त्या डोळ्याची नजर काही परत आली नाही.

"कोणी सांगितलं होतं पट्टी लावून मोजायला?" वहिनीने दवाखान्यातच विचारलं.

"माझंच डोकं," दादा म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

वहिनी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "यांचा हट्ट नडला." दादा मान खाली घालून ऐकून घेतो. आणि मी, त्याच्या शेजारी बसलेला, तिच्या बोलण्याला मान डोलावतो.