मैनाबाईंनी सभेत काढलेला विषय

पुसदच्या नगरपालिकेत बायकांसाठी एक जागा राखलेली होती. १९६२ साली ती मैनाबाई ठाकऱ्यांना मिळाली, कारण त्या कुणाच्या अध्यातमध्यात नव्हत्या. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घरी शिलाई मशीन, आणि आळीतल्या निम्म्या बायकांची पोलकी त्यांच्याच हातची. पहिलं वर्षभर त्या सभेला गेल्या, चहा घेतला, हात वर केला आणि घरी आल्या.

मग नदीकाठच्या बाभळी तोडल्या गेल्या. तिथून नवा रस्ता निघाला होता. आळीतल्या बायका पहाटे तिकडेच जात, आता आडोसाच उरला नाही. त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही. रात्रीचं जेवण कमी केलं, पाणी पिणं सोडलं. शेजारच्या हजराबीची सून रौशन पोटुशी होती. ती एक दिवस अंगणात चक्कर येऊन पडली, तेव्हा मैनाबाई धावत गेल्या.

"पोरीले खाऊ घालत नाही का तू?" त्या हजराबीवर चिडल्या.

"घालतो ना. तीच खात नाही. म्हणते, खाल्लं तर जायचं कुठं? अब तुमीच सांगा, मेंबर हाय ना तुमी?"

 पुढच्या सभेत मैनाबाई उभ्या राहिल्या.

"आमच्या आळीत बायकांसाठी संडास पाहिजेत."

कुणी टोपी सारखी केली, कुणी खिडकीबाहेर बघू लागलं. अध्यक्ष खाकरले. "बाई, शब्द जरा... सार्वजनिक सोय म्हणा."

"सोय म्हटलं का तुमी दोन बाकडे टाकसान. मले संडास पाहिजेत. अन् टोपलीचे नाही, टाकीचे. कोणाच्या डोक्यावर मैला द्यायचा नाही."

सभागृह हसलं. विषय पुढच्या सभेवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या. शेवटी मैनाबाई म्हणाल्या, "मले नीट सांगता येत नसंल. पुढच्या खेपेले बायकाच घेऊन येतो, त्या सांगतील." त्याच दिवशी ठराव पास झाला.

खरी कटकट जागेची निघाली. संडास सगळ्यांनाच हवे होते, पण आपल्या भिंतीला लागून कुणालाच नको होते. वॉर्डाचे निवडून आलेले मेंबर पुंडलिकराव मोठे कास्तकार, त्यांचं आवार ऐसपैस. मैनाबाई गेल्या तर ते म्हणाले, "माह्याच दारात काहून? दुसरीकडं पाहा." अखेर हजराबीनंच नवऱ्याच्या, जलालच्या, मागे लागून घराबाजूची पट्टी सोडायला लावली. तो तिथं बैलगाड्यांची चाकं दुरुस्त करत असे. तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही, पण चाकं उचलून पलीकडे नेली.

बांधकाम झालं. पुंडलिकरावांनी हार घालून घेतला, फीत कापली. दुसऱ्या दिवशी तिथं कुणीच गेलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मैनाबाई संतापून हजराबीकडे गेल्या.

"आता काय झालं तुमाले? एवढं भांडून आणलं मी!"

"दरवाजे पाहिले का तुमी?" हजराबी म्हणाली.

मैनाबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. सगळी दारं रस्त्याकडे होती, आणि रस्त्यापलीकडे धरमसिंगचं चहाचं हॉटेल. पहाटेपासून तिथं बाकावर गडीमाणसं बसलेली. जागेसाठी त्या इतक्या भांडल्या होत्या, की नकाशा बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्या तशाच कंत्राटदाराकडे गेल्या.

कंत्राटदार म्हणाला, नकाशा मंजूर आहे, आडभिंत हवी तर नवा ठराव आणा. मैनाबाईंनी ठराव मांडला, पण त्याची वाट बघत बसल्या नाहीत. नवऱ्याकरवी जिनिंगमधून फाटकं गोणपाट मागवलं. मशीनची सुई पहिल्याच टाक्याला मोडली. मग आळीतल्या बायका दाभण घेऊन जमल्या. संध्याकाळपर्यंत लांबलचक पडदा तयार झाला. जलालनं बल्ल्या रोवून दिल्या. दुसऱ्या पहाटेपासून बायका जाऊ लागल्या. आडभिंत झाली ती पुढच्या उन्हाळ्यात, गोणपाट कुजल्यावर.

दगडावर नाव पुंडलिकरावांचं लागलं, पण बायका आपसात "मैनाबाईकडे जाऊन येतो" असंच म्हणू लागल्या. मैनाबाईंच्या थोरल्या मुलाला त्याची लाज वाटे, आणि सुरुवातीला त्यांनाही. पुढे एकदा आळीत नवी आलेली सून दारात येऊन विचारू लागली, "मैनाबाईकडे कोठून जायचं?" मैनाबाईंनी मशीन थांबवलं.

"पोलकं शिवायचं आहे, का...?"

सून लाजून खाली बघू लागली. मैनाबाईंनी हसू आवरत पलीकडे बोट दाखवलं आणि पुन्हा पाय मशीनवर ठेवला.