गोजरामावशींची पाऊणपट

करावे गावच्या गोजरामावशी सत्तावन्नाव्या वर्षी दहावीला बसल्या आणि गणितात दोनदा नापास झाल्या. त्यांना शिकवणारी मी, त्यामुळे दोन्ही वेळा जीव माझाच जळला.

खरं तर अपूर्णांक त्यांच्या बोटांवर आहेत. खाडीत कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले खायचे शिंपले, काढायला जायचं तर ओहोटी कधी ते कळायला हवं. त्यासाठी त्या तिथीची पाऊणपट करतात. दशमी असली की साडेसातला भरती, आणि तिथून सहा तासांनी, दीडला, ओहोटी. हे सगळं चालता चालता. पेपरातही त्या असंच नुसतं उत्तर लिहून येतात. पायऱ्या नाहीत, म्हणून मार्क नाहीत.

काल दुपारी एकला माझ्या घरी बसून आम्ही निकाल पाहिला. तिसऱ्यांदाही नापास, चार मार्कांनी. मी मोबाइल सोफ्यावर आपटला.

"किती वेळा सांगितलं, पायऱ्या लिहा!"

"खाडी कवा इचारत नाय ना, म्हनून राहून जातं," मावशी हसल्या. "पन या टायमाला सात गनितांना लिवल्या. गेल्या खेपेला तीनच होत्या. परत फॉर्म कवा भरायचा?"

"तुम्हाला टेन्शनच येत नाही का हो?"

"येतं की. पन आज दशमी हाय. दीडला ओहोटी." त्यांनी टोपली उचलली. दारात थांबून म्हणाल्या, "ताई, त्या ऑफिसातल्या बढतीच्या परीक्षेला तुम्ही येकदा नापास झालेल्या, बोलल्या होत्या. मंग परत कवा दिली?"

"उशीर होतोय तुम्हाला," मी म्हणाले.