नकली भरती

२०१७च्या सुमारास मी डहाणूतल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होतो. तिथल्या साहेबांचा मला अजूनही राग येतो, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

काम साधं होतं. आमच्या वरोरच्या खाडीत पाणी चढल्याशिवाय होड्या आत येत नाहीत. दिवसाच्या दुसऱ्या भरतीला त्या परततात, आणि तेव्हा मासळी तलासरीच्या बाजाराला नेणारा टेंपो बर्फ घेऊन हजर हवा. प्रोग्रॅमने त्या तारखेच्या भरतीच्या वेळा मागवायच्या, दुसरी उचलायची आणि टेंपोवाल्याला मेसेज पाठवायचा. आईने गल्लीतल्या मासळीवाल्या बायांना गळ घालून ही सोय घ्यायला लावली होती. "माझ्या पोरानं केलंय," एवढीच तिची हमी.

साहेबांचा दंडक असा, की प्रोग्रॅम तपासायच्या टेस्टमध्ये खरं वेळापत्रक वापरायचं नाही. आमच्या कोडमध्ये भरतीची वेळ सांगणारं फंक्शन बाहेरून प्रोग्रॅमच्या हातात द्यायचं असे. टेस्टमध्ये खऱ्याच्या जागी नकली द्यायचं. त्याला मॉक म्हणतात. माझ्या मॉकला कुठलीही तारीख विचारा, उत्तर ठरलेलं: सकाळी सहा, संध्याकाळी साडेसहा. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी मूर्खासारखा फुगलो.

अरे, कोळ्याच्या घरात जन्मलो मी! पाणी रोज पाऊण तास पुढे सरकतं, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. अमावास्येच्या सुमाराला दुसरी भरती सरकत सरकत रात्रीचे बारा ओलांडते आणि त्या तारखेच्या वाट्याला एकच भरती उरते. सोय सुरू होऊन आठवडा झाला नव्हता, तोच तो दिवस आला. दुसरी वेळ सापडली नाही, म्हणून प्रोग्रॅमने मेसेज पाठवला नाही. एररही दिली नाही, मख्खासारखा गप्प बसला. टेंपोवाला डोंगराकडचा, त्याला पाण्याचं गणित काय ठाऊक? फोन बंद करून झोपला. होड्या आल्या, टेंपो आलाच नाही. सकाळी ऑक्टोबरच्या उन्हात बोंबील पाणी सोडत पडले होते.

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "टेस्ट पास आहेत ना? मग मॉकमध्ये एक केस वाढव, दहा मिनिटांचं काम आहे." दहा मिनिटांचं! नरडीचा घोट घ्यावासा वाटला.

बंदरावर बायांनी आईला घेरलं होतं. "तुझ्या पोराच्या नादाला लागून माल कुजला," एक जण म्हणाली. आईने माझ्याकडे पाहिलं. "पाणी फुडं जातं, तुला ठाव नव्हतं का रे?"

ठाऊक होतं, एवढंच म्हणायचं होतं. मी तिच्यावरच खेकसलो, "तुला काय कळतं त्यातलं? मध्ये बोलू नकोस!"

आई बायांकडे वळून म्हणाली, "चूक माझीच गं. मीच त्याला नीट सांगितलं नाय." आणि मी ते ऐकून घेतलं.