हिंमत सोडली म्हणणाऱ्यांना

माझी बायको कॅन्सरनं गेली. दुखवट्याला जो यायचा तो ओट्यावर टेकायचा, पाणी प्यायचा आणि एकच बोलायचा. हिंमत सोडली तिनं, न्हायतर यातनं निघाली असती. माझं टाळकं सरकायचं. अंगात ताप घेऊन जिनं तूर काढली, तिनं हिंमत सोडली? पण मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. उलटं काय सांगावं ते मला सुचायचं नाही.

सून उमरग्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिला म्हटलं, आजाराशी अंगात कोण लढतं ते सांग. ती म्हणाली, रक्तात मारेकरी पेशी असतात, बिघडलेली पेशी दिसली की फोडतात. पण एरवी त्या सुस्त असतात. राखणीच्या दुसऱ्या पेशी अंगभर हिंडतात. त्यांना काही वावगं लागलं की त्या रस सोडतात, मारेकऱ्याला जाऊन चिकटतात, तेव्हा कुठं तो पुरा जागा होतो.

म्हटलं, म्हणजे आपल्या मळ्यातली कुत्री. तांबडी मूठभर, पण भुंकते ती. काळा वासराएवढा, पण ती भुंकल्याबिगर अंग हलवत नाही.

"तसंच धरा, मामा. आणि काळा घरच्या वासाच्या माणसाला चावत न्हाय. कॅन्सर घरातलाच असतो. वर भुंकणारीचं तोंड दाबतो."

"मग तुझ्या सासूच्या अंगात कोण गप पडलं? तांबडी का काळा?"

"ते आपल्याकडं कुणी तपासत न्हाय, मामा. आता सांगता यायचं न्हाय."

मला लई राग आला. इतक्या सुया टोचल्या, बाटल्या भरून रक्त नेलं, आणि नेमकं हेच कुणी बघितलं नाही.

त्याच दिवशी धाकटा मेव्हणा कडू घास घेऊन आला. दुखवट्याच्या घरी सोयऱ्यांनी शिजवून आणायचं, अशी आमच्याकडं रीत आहे. भाकरी वाढता वाढता तो म्हणाला, "आक्कानं हिंमतच सोडली, दाजी."

मी हात आखडला. "तुला ताप आल्यावर कशानं उतरवतो रं? हिंमतीनं का गोळीनं?"

त्यानं खाली बघितलं. "गोळीनं."

"मग जेव गप."

तो जेवला. माझी भाकरी ताटातच राहिली. तिच्या अंगात कोण गप पडलं होतं, तांबडी का काळा, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.